पेनात रिफिल न्हाई

नाना टेलरांच्या सदऱ्याच्या खिशाला कायम एक पेन अडकवलेलं असायचं. निळं बूड, स्टीलचं चकचकीत टोपण. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस ग्रामसेवक तरी असणार. फक्त त्या पेनात रिफिल नसायची.

निरगुडसरात ही गोष्ट शाळकरी पोरांपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. तरीही महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी कर्जाचा कागद घेऊन दुकानाची पायरी चढायचाच. "नाना, हितं जरा जामीनदार म्हणून सही." नाना मशिनचं पायडल थांबवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, खिशातलं पेन काढून त्याचे आटे फिरवायचे आणि आतली पोकळी समोरच्याला नीट उजेडात धरून दाखवायचे. "पेनात रिफिल न्हाई राव." एवढं बोलून पुन्हा पायडल सुरू. कुणी हुशारी करून स्वतःचं पेन पुढे केलंच, तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या पेनानं माझं अक्षर बिघडतं."

यामागचं कारण गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. नानांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बाळू नावाचा एक धाकटा भाऊ होता, तो मी अगदी लहान असताना गाव सोडून गेला. त्या भावाला नाना जामीन राहिले, त्यात बुडाले आणि तेव्हापासून त्यांनी सहीचा धसका घेतला, असं पारावरचं मत होतं. पारावर एकदा निकाल लागला की त्यावर अपील नसतं. नानांनीही कधी केलं नाही.

आता कुणाला वाटेल, माणूस निरक्षर असेल. छे! त्यांच्याइतकं देखणं अक्षर आमच्या गल्लीत कुणाचं नव्हतं. कापडाच्या कोपऱ्यावर गिऱ्हाइकाचं नाव खडूने असं लिहीत की ते झटकून टाकायला जीव होऊ नये. पण कागदावर सही मागितली की डावा अंगठा पुढे. रेशनकार्डाला अंगठा, फोनच्या अर्जाला अंगठा. मी शाळेत असताना गावात प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायची मोहीम आली. गुरुजींनी अंगठेवाल्यांची यादी काढली, त्यात नानांचं नाव पहिलं. नाना निमूटपणे तीन संध्याकाळी वर्गाला जाऊन बसले. चौथ्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर 'आर्शिवाद' लिहिलं, तेव्हा मात्र त्यांना राहवेना. "गुरुजी, तो रफार वा-वर जातो. श-ला दीर्घ येती." पुढे साक्षर झाल्याची प्रमाणपत्रं वाटली गेली. नानांनी ते हसतमुखाने घेतलं आणि पोचपावतीच्या वहीत अंगठा उठवला.

त्यांचा दुसरा जप म्हणजे माया. शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंप्याच्या भाषेत माया म्हणतात. उद्या माणूस अंगाने सुटला तर शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा बसतो. नाना हा शब्द जगाला लावत. मंचरच्या एस.टी.साठी अर्धा तास आधी फाट्यावर उभे राहत आणि म्हणत, "टायमाला माया पायजे." दहावीला मला गणितात बरोबर पस्तीस पडले. आख्खं घर पेढे खात असताना नाना गुणपत्रिका डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "काठावर शिवलंय. जरा बी माया न्हाई ठेवली."

आणखी एक खोड होती. दर दिवाळीला ते एक शर्ट शिवत. चांगल्यातलं कापड, मनगटाला दुहेरी पट्टी, आणि आत बोटबोट नाही तर चांगली चार बोटं माया. तो कुणाच्याही अंगाचा नसायचा. कपाटात घडी करून जायचा. "कुणाचा ओ नाना?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "गिऱ्हाईक यायचंय." आम्ही पोरं त्यावर पोट धरून हसायचो.

हे हसणारं पोर पुढे डिप्लोमा करून पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागलं. पगार नऊ हजार. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. कारखान्याच्या गेटासमोर एक छत्री, एक टेबल आणि टाय लावलेला एक पोरगा असायचा. "सर, क्रेडिट कार्ड?" आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी सर म्हणत होतं. मी तिथेच खल्लास झालो.

"जामीनदार किती लागतात?" मी विचारलं. आमच्याकडे म्हैस घ्यायची तरी दोन जामीनदार आणि त्यांचे सातबारे लागत. टायवाला हसला. "जामीनदार नाही सर. फक्त एक संदर्भ. ओळखीच्या कुणाचं नाव आणि फोन नंबर." आमच्या घरी फोन नव्हता. समोर नानांच्या दुकानात होता, रुपयाचं नाणं टाकायचा लाल डबा. "त्यांची सही लागेल का?" "अजिबात नाही." झालं! ज्या माणसाने उभ्या गावात कुणाच्या कागदावर शाई सांडली नाही, त्याचं नाव मी बँकेच्या फॉर्मात ठोकून दिलं. मला त्याची इतकी गंमत वाटली की कॅन्टीनमध्ये मी हा किस्सा दोनदा सांगितला.

चाळीस हजारांची मर्यादा असलेलं कार्ड आलं. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते गल्लीभर दाखवलं. "पोराला ब्यांकेनं चाळीस हजाराची पत दिली. बिनजामिनाची!" लोक कार्ड हातात घेऊन उलटसुलट करत आणि माझ्याकडे आदराने बघत. नानांनी मात्र गळ्यातला टेप काढून ते मापलं. आडवं मापलं, उभं मापलं. "साडेतीन इंच बी न्हाई," ते म्हणाले. "ह्यात माया कुटं सोडली आसंल?"

मी फोटो काढणारा मोबाइल घेतला. बूट घेतले. मित्रांना जेवायला नेलं आणि बिलाच्या घडीत कार्ड ठेवताना वेटरकडे न बघण्याची अदा शिकलो. महिन्याच्या शेवटी बिल यायचं. त्यात एक मोठा आकडा आणि एक छोटा. छोट्याच्या पुढे 'मिनिमम' असं काहीतरी. आमच्या डोक्यात कर्ज म्हणजे पतसंस्थेचं. हप्ता म्हणजे हप्ता, ठरलेले हप्ते भरले की कर्ज फिटतं, पेढे वाटायचे. तो छोटा आकडा म्हणजे हप्ता, असं मी धरून चाललो. चौदा महिने मी एकही 'हप्ता' चुकवला नाही, आणि चौदा महिने मोठा आकडा वाढत राहिला. मध्येच बँकेने मर्यादा साठ हजार केली. मी पेढे वाटले. गाढव पेढे वाटू शकत नाही, एवढाच काय तो फरक.

डोळे उघडले तेव्हा उशीर झाला होता. कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि मिनिमम भरायलाही पैसे पुरेनात. मग मी त्याच कार्डावर एटीएममधून पैसे काढून त्याच कार्डाचा मिनिमम भरायला लागलो. तेही संपलं. फोन सुरू झाले. आधी गोड आवाजात, मग नुसत्या आवाजात. मी मोबाइलचं सिम बदललं आणि सुटलो म्हणून दोन रात्री नीट झोपलो.

माणूस सापडला नाही की फॉर्मातला संदर्भ शोधतात, हे मला कुठे माहीत होतं?

त्या शनिवारी मी गावी आलो, तर नानांनी दुकानातून बोट वाकडं करून बोलावलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. "शटर आर्धं वड." मी ओढलं. आतल्या भिंतीवर खडूच्या उभ्या रेघा होत्या, शिस्तीत ओळीने. "मोज," ते म्हणाले. मी मोजल्या. सतरा. "सतरा फोन आल्यात. बारा दिसांत. संदीपा, मी तुझा कोण लागतो?"

मी शटर आणखी थोडं खाली ओढलं.

"एक बाई म्हणती, तुमीच जामीनदार. म्हणलं, बाई, मी आजपातुर सख्ख्या..." ते थांबले. चष्मा पुसला. "न्हाई म्हणलं. तर ती म्हणती, तुमचं नाव हाय आमच्याकडं. तिचा घसा बसलेला व्हता. म्हणलं, आल्याचा रस घ्या. तर ठेवला की फोन! मंग एक बाप्या बोलाय लागला. त्यो लई वंगाळ बोलतोय."

"अण्णांना सांगितलंत?" मी विचारलं.

"तुझा बाप रोज हितं समोर बसून तंबाखू मळतोय. सांगायचं आसतं तर सतरा येळा सांगितलं आसतं."

मग मी सगळं ओकलो. साठ हजारांची मर्यादा आणि डोक्यावर नव्वद हजारांच्या पुढे. त्याच कार्डावर पैसे काढून तेच भरण्याची माझी युक्ती ऐकल्यावर नानांनी कपाळाला हात लावला. "म्हंजी सदऱ्याचा खिसा कापून त्याच सदऱ्याला ठिगाळ!" चौदा महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं ते एका वाक्यात आलं. इतकी लाज मला दहावीच्या पस्तीसलाही वाटली नव्हती.

आणि मग त्यांनी खरी बातमी सांगितली. तो वसुलीवाला म्हणाला होता, पुढच्या रविवारी निरगुडसरला येतो. रविवारी सगळे घरी सापडतात, दारात बसून राहतो, गावाला कळू दे. पुढच्या रविवारी माझ्या बहिणीचा, सुरेखाचा, साखरपुडा होता. पाहुणे खोडदचे, मुलगा तिथल्या मोठ्या दुर्बिणीवर नोकरीला. अण्णांनी दोन वर्षं जोडे झिजवून जमवलेलं स्थळ. दारात मांडव, मांडवात पाहुणे आणि पायरीवर वसुलीवाला. नाना म्हणाले, "पावणं दुर्बिणीवालं. त्यास्नी आभाळातलं दिसतंय, पायरीवरलं दिसणार न्हाई व्हय?"

एरवी मी हसलो असतो.

त्या संध्याकाळी मी नानांच्याच फोनवरून वसुलीवाल्याला गाठलं. नाना शेजारी उभे राहून डब्यात एकेक रुपया टाकत होते. बरीच रडारड केल्यावर तो खाली आला. अठ्ठेचाळीस हजार, एकरकमी. पुढच्या शनिवारी दुपारी एकच्या आत मंचरला, स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात. "एक वाजून गेला तर रविवारी भेटू, सर." ते 'सर' मला अजून आठवतं.

पन्नास हजारांचं कर्ज मंचरच्या पतसंस्थेतून मिळणार होतं. छत्तीस हप्ते, खरेखुरे. जामीनदार दोन. एक माझा कारखान्यातला मित्र, मंचरचाच. दुसरा पतसंस्थेचा जुना सभासद हवा. आमच्या गावात जुने सभासद सहा. पाच जण अण्णांच्या पंगतीतले, त्यातल्या कुणाच्याही कानावर गोष्ट गेली की ती चहा उतू जायच्या आत आमच्या घरी पोचणार. उरला एक.

शुक्रवारी संध्याकाळी मी फॉर्म घेऊन दुकानाची पायरी चढलो. नानांना सगळं ठाऊकच होतं, तरी मी फॉर्म दोन्ही हातांनी पुढे धरला. पायडल थांबलं. चष्मा कपाळावर गेला. हात खिशाकडे गेला, पेन निघालं, आटे फिरले. मी ती पोकळी शेकडो वेळा पाहिली होती. माझ्या कागदावर ती उघडली गेली तेव्हा मात्र ती विहिरीएवढी दिसली.

"पेनात रिफिल न्हाई," नाना म्हणाले. 'राव' म्हणाले नाहीत.

"बरं नाना," मी म्हणालो, फॉर्मची घडी केली आणि पायरी उतरलो. मला त्यांचा राग आला नाही. ज्याचं नाव मी चोरून वापरलं त्याने सहीही द्यावी, हे मागायला तोंड कुठे होतं? घरी आई साखरपुड्याचे गहू निवडत होती, सुरेखा हातावर मेंदीचं कागदी नक्षीकाम लावून बघत होती. मी मळ्यात जाऊन बसलो आणि ढसाढसा रडलो.

शनिवारी सकाळी दहाला मी आणि माझा मित्र पतसंस्थेच्या बाकावर होतो. दुसरा जामीनदार कुठून आणायचा, याचा दोघांनाही पत्ता नव्हता. मित्र ओळखीच्या दोन सभासदांना विचारून आला. दोघांनी चहा पाजला, सही नाही दिली. सव्वाअकरा झाले. मी उठून अण्णांना सगळं सांगायला गावची गाडी पकडायच्या बेतात होतो, तेवढ्यात दारातून नाना आले. गळ्यात टेप तसाच लोंबत होता. दुकान उघडं टाकून आलेला माणूस.

काउंटरवर येऊन त्यांनी पेन काढलं, आटे फिरवले आणि खिशातल्या कागदी पुडीतून नवीकोरी रिफिल काढून आत घातली. "तीन रुपयाला दिली," ते मला म्हणाले. "महाग झाल्यात."

काउंटरवरच्या बाईंनी लोखंडी कपाटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. सभासद झाले तेव्हाची नमुना सही, वीस वर्षांपूर्वीची. नानांनी फॉर्मवर पहिली सही केली. बाईंनी कार्ड शेजारी धरलं आणि मान हलवली. "नाना, जुळत नाही."

"आंगठा चालंल?"

"इथं सहीचा नमुना आहे. अंगठा नाही चालत."

दुसरी सही. 'नारायण'मधला 'रा' आडवा झाला. तिसरी. 'ण' कोसळला. वीस वर्षं गावाला पोकळी दाखवणारा माणूस आता खरोखरच अडला होता, आणि घड्याळात बाराला दहा कमी होते. रांगेतल्या लोकांना करमणूक सापडली. एक म्हणाला, "हात सैल सोडा नाना." दुसरा म्हणाला, "श्वास धरून करा." तिसऱ्याने देवाचं नाव घ्यायला सांगितलं. बाईंनी कोरा कागद दिला. नाना बाकावर बसून सह्या गिरवू लागले. कपाळावर घाम, ओठ मुडपलेले. पानभर नारायण आणि त्यातला एकही कार्डावरच्यासारखा नाही. बारा वाजून दहा झाले. बाई हळूच म्हणाल्या, "साडेबाराला कॅश बंद होते."

नानांनी पेन खाली ठेवलं. ते कार्ड मागून घेऊन त्याच्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मला वाटलं, आता उठतात आणि निघतात. पण त्यांनी सदऱ्याच्या खालच्या खिशातून शिंप्याचा चपटा खडू काढला, स्वतःच्या सदऱ्याचा घेर मांडीवर ताणून धरला आणि त्या कापडावर एका झटक्यात लिहिलं, 'नारायण'.

बाई काउंटरवरून वाकल्या. हुबेहूब. 'रा'ची मान ताठ, 'ण'ची कमान गोल, शेवटी छोटी शेपटी. कागदाने हात सोडला होता, कापडाने सोडला नव्हता. नानांनी आणखी दोनदा कापडावर लिहिलं, मग खडू तसाच डाव्या हातात धरून उजव्या हातात पेन घेतलं आणि फॉर्मवर पाच ठिकाणी पाच सह्या ठोकल्या. बाईंनी एकेक तपासली. "जुळल्या." रांगेने टाळ्या वाजवल्या.

एकला दहा कमी असताना आम्ही हॉटेलात पोचलो. वसुलीवाला माझ्याच वयाचा निघाला. समोर चहाचे तीन रिकामे कप. मी पैशांची पिशवी पुढे केली, तर नानांनी तिच्यावर हात ठेवला. "आदी तुमी सही करा. सगळं फिटलं, आता काय मागणं न्हाई, आसं लिवून."

"काका, पावती देतो ना. पत्र नंतर येईल."

"नंतरला माया नसती पावणं." नानांनी पेन पुढे केलं. "घ्या. रिफिल हाय."

तो माझ्याकडे बघायला लागला, मी टेबलाकडे. एकला पाच कमी असताना त्याने पिशवीतून बँकेचं छापील पत्र काढलं. ते त्याच्याकडे आधीपासूनच होतं! त्यावर रक्कम लिहून त्याने सही केली, शिक्का मारला. नानांनी ते दोनदा वाचलं, एका जागी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली आणि मग पिशवीवरचा हात उचलला. निघताना त्याच्या खांद्याकडे बघून म्हणाले, "शिवण उसवलीया तुमची. आत माया हाय, आणून द्या कवातरी."

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. मी आभाराचं काहीतरी बोलायला लागलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. सदऱ्यावरची खडूची अक्षरं ते अंगठ्याने हळूहळू पुसत होते.

"लोक म्हणत्यात, मी बाळूला जामीन राह्यलो आन् बुडालो," ते एकदम म्हणाले. "म्हणू देत. मी राह्यलोच न्हाई जामीन."

मी त्यांच्याकडे वळलो.

"त्याला इंटरलॉकची मशिन घ्यायची व्हती. चाकणला दुकान टाकीन म्हणायचा. त्याच्यासाठी मी मेंबर झालो, त्या कार्डावर सही दिली. मंग फारम आला आन् मला भ्या वाटलं. बाळूचं न्हाई, कर्जाचं. त्यो फारम घिऊन माझ्याम्होरं हुबा. मी म्हणलं, पेनात रिफिल न्हाई."

"होती?"

"नवीकोरी व्हती. त्येनंच आणून दिल्याली." गाडी खड्ड्यातून गेली, दोघेही उडालो. "त्यो कायबी बोलला न्हाई. 'बरं दादा' म्हणला आन् पायरी उतारला. सांजच्या गाडीनं गेला. आजून पत्ता न्हाई. दुसऱ्या दिशी मी रिफिल काढून टाकली. म्हणलं, येक डाव खोटं बोललो. हितनं पुढं तरी ते खरं ऱ्हाऊ दे."

कंडक्टर तिकीट विचारत आला. नानांनीच दोघांचे पैसे दिले.

"काल तू 'बरं नाना' म्हणलास," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आन् पायरी उतारलास."

मला कपाटातले ते शर्ट आठवले. दर दिवाळीचा एक. चार बोटं माया. "ते शर्ट बाळूकाकांचे?" मी विचारलं.

"त्याचं माप पाठ हाय मला. पर वीस वर्सांत किती सुटला आसंल, कुणाला ठावं." आणि थोड्या वेळाने, "का वाळलाय."

रविवारी साखरपुडा झाला. पायरीवर कुणी आलं नाही. नाना मांडवात पाहुण्यांना अत्तर लावत फिरत होते आणि जेवणाच्या पानांत माया सोडलीय का, हे आचाऱ्याला चार वेळा विचारून आले. सुरेखाच्या लग्नानंतर मी अण्णांना सगळं सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते नानांच्या दुकानात जाऊन नुसते बसून आले.

छत्तीस हप्ते फेडायला मला तीन वर्षं लागली. एकही चुकवला नाही, आणि यावेळी आकडा खरोखर कमी होत गेला. शेवटचा हप्ता भरल्यावर पतसंस्थेने दाखला दिला. मी पेढे घेऊन तडक नानांच्या दुकानात गेलो. यावेळी पेढे वाटण्यात गाढवपणा नव्हता.

नानांनी चष्मा लावून दाखला वाचला. मग पुन्हा वाचला. "कर्ज पूर्ण फेड. जामीनदार मुक्त." त्या शेवटच्या दोन शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"म्हंजी आता मी तुझा कोण न्हाई?"

"कागदावर नाही, नाना," मी हसत म्हणालो.

ते हसले नाहीत. "दर म्हैन्याच्या धा तारखेला सकाळी जाग आली की वाटायचं, पोरानं हप्ता भरला आसंल का. दिसभर त्योच घोर." त्यांनी दाखल्याची घडी केली, माझ्या खिशात घातली आणि वरून थोपटली. मी पुढे केलेला पेढा माझ्या हातातच राहिला होता.

"समदंच फेडलंस," ते म्हणाले. "येखादा हप्ता मायेला ठिवायचा व्हतास."